लेइफ सेगेरस्टाम यांच्यावर दोन तासांचा श्रवणवर्ग: काय ऐकवावं आणि कोणत्या क्रमानं?

पायपेटी_वडसा

नमस्कार मंडळी. वडसा-देसाईगंजकडच्या एका गावात वाचनालयाचा श्रवणवर्ग चालतो. महिन्यातून एकदा, रविवारी संध्याकाळी सहा ते आठ. बसणारे पंचवीस-तीस जण: झाडीपट्टीच्या नाटकांत पायपेटी-तबला वाजवणारे, बँडबाजातले क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले, खंजेरी भजनाचं मंडळ आणि हायस्कूलची काही पोरं. बेथोव्हेन, ड्वोरझाक आणि थोडं फिनलंडच्या सिबेलिउसचं संगीत ऐकून झालंय, त्यामुळे सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना) म्हणजे काय इथून सुरुवात करायची गरज नाही.

पुढचा वर्ग फिनलंडचे संगीतकार आणि कंडक्टर (वाद्यवृंदासमोर उभं राहून इशाऱ्यांनी वाजवून घेणारे) लेइफ सेगेरस्टाम यांच्यावर घ्यायचं ठरलं. माहिती गोळा करून राहिलो, तर जिकडेतिकडे दोनच गोष्टी सापडतात: ३७१ सिंफन्या आणि लांब पांढरी दाढी. एका माणसानं एवढ्या सिंफन्या लिहिल्या कशा, हे सभासद विचारणारच. त्याहून अवघड प्रश्न असा की यातल्या बऱ्याच सिंफन्या कंडक्टरशिवाय वाजवतात म्हणे. ऐंशी-नव्वद माणसं समोर कोणी नसताना एकत्र वाजवतात कशी? बँडवाल्यांना यातच जास्त रस आहे.

सामान असं: लॅपटॉप, मंडपवाल्याचे १२ इंची दोन पॉवर्ड स्पीकर, सहा चॅनेलचा छोटा मिक्सर, १५० एएच बॅटरीचा इन्व्हर्टर. खोली साधारण ३० फूट बाय २०, वर चार पंखे. संध्याकाळी लाईन जाते. नेट भरवशाचं नाही. जाणकारांनी सांगावं जी.

सूरकाठी

भाऊ, ३७१ हा आकडा खरा आहे, पण वर्गाची सुरुवात त्यानं करू नका. आकडा आधी सांगितला की लोक दोन तास तोच धरून बसतात आणि माणूस काय ताकदीचा होता ते मागे पडतं. आधी त्यांचं वाजवणं आणि वाजवून घेणं सांगा, मग लिहिणं.

जन्म २ मार्च १९४४, वासा. फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे शहर, तिकडे स्वीडिश बोलणारी बरीच कुटुंबं आहेत आणि सेगेरस्टाम यांचं घर त्यातलंच. वडील सेलिम संगीतशिक्षक. हेलसिंकीच्या सिबेलिउस अकादमीत व्हायोलिन, पियानो, रचना आणि संचालन (कंडक्टरचं काम) असं सगळं एकाच काळात शिकले. १९६२ मध्ये माय लिंड पियानो स्पर्धा जिंकली आणि १९६३ मध्ये व्हायोलिन व संचालन या दोन्हींचा डिप्लोमा घेतला. अकादमीतले त्यांचे संचालनाचे गुरू युसी यालास हे सिबेलिउस यांचे जावई. पुढे न्यूयॉर्कच्या जुलियार्ड स्कूलमध्ये १९६५ पर्यंत जाँ मोरेल यांच्याकडे संचालन. हे पोरांना नीट सांगा: काठी हातात घ्यायच्या आधी त्यांच्या हाताला दोन वाद्यं पक्की बसलेली होती. पुढे त्यांनी कंडक्टरशिवायचं संगीत लिहिलं, त्याचं मूळ इथे आहे. व्हायोलिनच्या रांगेत बसून शेजाऱ्याचं ऐकत कसं वाजवायचं हे ज्याला माहीत आहे, तोच वादकांवर एवढा भरवसा टाकू शकतो.

नोकऱ्यांची यादी मोठी आहे, सगळी वाचून दाखवू नका. सुरुवात ऑपेरातून झाली: १९६५ पासून फिनिश नॅशनल ऑपेरा, मग स्टॉकहोमचा रॉयल ऑपेरा, थोडा काळ बर्लिनचा डॉइच ऑपेरा. ऑपेरात कंडक्टरला रंगमंच, गायक आणि खालचा वाद्यवृंद असं तिन्हीकडे एकदम लक्ष ठेवावं लागतं, गायकानं श्वास लांबवला तर वाद्यवृंद थांबवून धरावा लागतो. झाडीपट्टीत पायपेटीवाला नटाचं तोंड बघून सूर धरतो, त्यामुळे तुमच्या मंडळींना हे लगेच समजेल. नंतर १९७५ ते १९८२ व्हिएन्नाचा ऑस्ट्रियन रेडिओ वाद्यवृंद, १९७७ ते १९८७ फिनिश रेडिओ सिंफनी, १९८३ ते १९८९ जर्मनीतला राइनलँड-फाल्झचा राज्य वाद्यवृंद, १९८८ ते १९९५ डॅनिश रेडिओ सिंफनी. वर्षं एकमेकांत शिरलेली आहेत. १९७७ ते १९८२ या काळात व्हिएन्ना आणि हेलसिंकी दोन्हीकडचे मुख्य कंडक्टर तेच होते.

सगळ्यात महत्त्वाचा काळ १९९५ ते २००७, हेलसिंकी फिलहार्मोनिक. हा वाद्यवृंद रॉबर्ट कायानुस यांनी १८८२ मध्ये उभा केला आणि सिबेलिउसच्या पहिल्या सहा सिंफन्या पहिल्यांदा वाजल्या त्या याच वाद्यवृंदाकडून. अशा ठिकाणी सिबेलिउस वाजवून घ्यायचा म्हणजे वादकांना ते संगीत आधीपासून अंगवळणी असतं आणि कंडक्टरला स्वतःचं काही सांगायचं असेल तर जोर लावावा लागतो. सेगेरस्टाम यांनी तो लावला. सातही सिंफन्या त्यांनी दोनदा रेकॉर्ड केल्या, आधी डॅनिश रेडिओबरोबर शँडोस कंपनीसाठी, मग हेलसिंकीबरोबर ओंडीनसाठी. दुसरा संच घ्या. लय संथ, पितळी वाद्यांचा आवाज भरदार, आणि एका भागातून दुसऱ्यात जाताना घाई नाही.

शेवटची मोठी जबाबदारी तुर्कू फिलहार्मोनिकची, २०१२ ते २०१९. शिवाय १९९७ ते २०१३ सिबेलिउस अकादमीत संचालनाचे प्राध्यापक. सुसाना मल्की, सान्तू-मातिआस रौवाली, डालिया स्टासेव्स्का ही आज जगभर बोलावली जाणारी मंडळी त्यांच्याकडे शिकलेली आहेत. १९९९ मध्ये नॉर्डिक कौन्सिलचा संगीत पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः उत्तरेकडच्या देशांचं संगीत जगापुढे मांडल्याबद्दल. निधन ९ ऑक्टोबर २०२४, वय ८०.

आता आकडा. ३७१ सिंफन्यांखेरीज ३० स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना), १३ व्हायोलिन कॉन्चेर्तो (एक मुख्य वाद्य आणि सोबत वाद्यवृंद), ८ चेलो कॉन्चेर्तो, ४ व्हियोला आणि ४ पियानो कॉन्चेर्तो आहेत. सिबेलिउसच्या सिंफन्या ७, हायडनच्या क्रमांक लावलेल्या १०४. सभासद तुलना करतील तेव्हा एवढं सांगा की सेगेरस्टाम यांची सिंफनी बहुधा एकाच भागाची, वीस-बावीस मिनिटांची असते. वीस मिनिटांच्या हिशोबानंसुद्धा सगळं सलग ऐकायला १२० तासांच्या वर लागतील. त्या सगळ्या ऐकायच्या म्हणून लिहिलेल्याच नाहीत, ती रोजनिशी आहे. १९८० च्या सुमारास त्यांनी ‘वाद्यवृंदाच्या रोजनिशीची पानं’ याच नावानं रचनांची मालिका लिहिली. रोजनिशीचं एक पान उघडून वाचावं तशी एक सिंफनी निवडा.

यवतमाळचा_चेलो

वरची माहिती चोख आहे. मी फक्त कंडक्टरशिवाय कसं जमतं तेवढं सांगतो.

नेहमीच्या सिंफनीत प्रत्येक स्वर किती मात्रांचा हे लिहिलेलं असतं आणि त्या मात्रा सगळ्यांनी एकाच वेगानं मोजायच्या असतात. म्हणून समोर माणूस लागतो. सेगेरस्टाम यांनी ती गरजच काढून टाकली. स्वर लिहिलेले आहेत, कोणी कोणानंतर यायचं हे ठरलेलं आहे, आवाज लहान-मोठा कुठे करायचा तेही आहे. पण स्वर नेमका किती वेळ धरायचा हे वादकाच्या हातात. या पद्धतीला ते मुक्त स्पंदनाची पद्धत म्हणत. आपल्या आलापात जशी लय असते पण ठेका नसतो, तसंच. फरक एवढाच की इथे ऐंशी जण एकदम आलाप करतात आणि प्रत्येकाचा श्वास वेगळा.

मग सगळं विस्कटत का नाही? अधूनमधून भेटीच्या जागा असतात. एखादा ठळक आवाज, घंटेचा ठोका, पियानोचा जोरदार स्वरसमूह किंवा तुतारीची हाक ही खूण. ती ऐकू आली की ज्याचं मागचं वाजवून झालं तो पुढे जातो, ज्याचं राहिलं तो आटोपतं घेतो. खुणा देणारे बहुतेक वेळा आपापल्या गटाचे म्होरके असतात. पियानो महत्त्वाचा, आणि सेगेरस्टाम स्वतः वादकांमध्ये बसून पियानो वाजवायचे. म्हणजे रचनाकार हजर आहे, पण समोर उभा नाही.

ही कल्पना त्यांची एकट्याची नाही. पोलंडचे विटोल्ड लुटोस्लाव्स्की यांनी १९६१ पासून मर्यादित मोकळीक देणारं लेखन केलं, पण त्यांच्याकडे कंडक्टर राहिला, तोच खुणा देई. सेगेरस्टाम एक पाऊल पुढे गेले. आणि एकाच भागाची वीस-बावीस मिनिटांची चौकट त्यांना सिबेलिउसच्या सातव्या सिंफनीतून सुचली, म्हणून सातवी कार्यक्रमात ठेवाच.

अशा संगीतात वाजवताना तीन ठिकाणी घसरतं. पहिलं, सगळे मोठ्यानं वाजवायला लागतात, कारण कोणी ‘कमी करा’ असा हात दाखवत नाही. मग खुणेचा आवाज बुडतो आणि पुढची भेट चुकते. दुसरं, शेजारच्याचा वेग नकळत उचलला जातो आणि पाच मिनिटांत आख्खी रांग एका ठेक्यात वाजवू लागते. वर्षानुवर्षं ठेक्यात वाजवणाऱ्या माणसाला ठेका सोडणं हेच सगळ्यात जड जातं. तिसरं, एक खूण चुकली की पुढच्या प्रत्येक खुणेला तो वादक एक पाऊल मागे असतो, म्हणून तालमीत आधी फक्त खुणा ओळीनं वाजवून घेतात, मधलं संगीत न वाजवता.

ऐकणाऱ्याचं कुठे चुकतं तेही सांगतो. तो धून शोधतो. ती सापडत नाही, मग तालाची सम शोधतो, तीही नाही, आणि चौथ्या मिनिटाला ‘हा नुसता गोंधळ’ असं ठरवून मोकळा होतो. त्यापेक्षा एक काम द्या: एकानं फक्त पियानो ऐकायचा, एकानं घंटा आणि तालवाद्यं, एकानं पितळी वाद्यं. पहिली तीन मिनिटं दोनदा वाजवा. दुसऱ्यांदा खुणा आपोआप कानावर येतात.

रेकॉर्डिंग: ओंडीनची एक तबकडी आहे, नॉर्वेच्या बर्गेन फिलहार्मोनिकनं वाजवलेल्या ८१, १६२ आणि १८१ क्रमांकाच्या सिंफन्या. १६२ म्हणजे ८१ ची दुप्पट आणि १८१ म्हणजे ८१ अधिक १००, हे मुद्दाम बर्गेनच्या मंडळींसाठी केलं आहे आणि नावांतही ते येतं. दुसरा पर्याय अल्बा कंपनीची चार तबकड्यांची मालिका: तुर्कू फिलहार्मोनिक, प्रत्येकीत ब्राह्म्सची एक सिंफनी आणि सोबत सेगेरस्टाम यांची एक. ब्राह्म्सच्या पहिल्या सिंफनीबरोबर २८८ वी, दुसरीबरोबर २८९ वी. तुमच्या वर्गाला ही दुसरी मालिका सोयीची आहे. तोच वाद्यवृंद, तोच माणूस, एकदा समोर उभा आणि एकदा नाही. फरक कानाला सरळ कळतो.

धानपट्टा_साउंड

सामानाबद्दल मी सांगतो. मंडपाचे स्पीकर या संगीतासाठी वाईट नाहीत, फक्त लग्नाच्या सेटिंगवर लावू नका.

मिक्सरवरचा इको आणि रिव्हर्ब पूर्ण शून्यावर. बास सरळ रेषेत, वाढवायचा नाही. डबलबास आणि टिंपनी वाढलेल्या बासमध्ये घुमतात आणि वरची व्हायोलिनं झाकली जातात. स्पीकरच्या मागे ‘डीजे’, ‘लाइव्ह’, ‘फ्लॅट’ असे मोड असतील तर फ्लॅट. लॅपटॉपमध्ये आवाज एकसारखा करणारी सोय असते, ती बंद करा, गाणी एकमेकांत मिसळणारी सोयही बंद. सिनेमाच्या गाण्याचा आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा असतो, इथे तसं नसतं. कुजबुजीपासून गर्जनेपर्यंतचं अंतर हेच तर इथे संगीत आहे. यंत्रानं ते सारखं केलं की काही उरत नाही.

आवाज लावताना सगळेच एक चूक करतात. तुकडा सुरू झाला, हळू आला, म्हणून वाढवला. दहाव्या मिनिटाला ट्रॉम्बोन आले की स्पीकर फाटतो, मग पळत जाऊन कमी करतात. उलट करा. वर्गाच्या आधी तुकड्यातली सगळ्यात मोठी जागा शोधून तिच्यावर आवाज ठरवा, बटणाशेजारी पेन्सिलनं खूण करा आणि मग हात लावू नका. सुरुवात हळू वाटली तर लोक आपोआप गप्प बसतात.

हळू जागा ऐकू येत नाहीत त्याचं कारण बहुतेक वेळा पंखा. चारही पंखे पूर्ण वेगात असले तर सिबेलिउसचं सुरुवातीचं व्हायोलिन गेलंच समजा. तुकडा चालू असताना दोन पंखे बंद आणि दोन मंद, मधल्या वेळात सगळे सुरू.

बॅटरीचा हिशोब: १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे हाताशी ९०० धरा. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो, उरले सुमारे ७२०. दोन स्पीकर साध्या आवाजात मिळून १२० वॅटच्या आसपास, लॅपटॉप ५०. दोन तासांचे ३४० होतात. जुने पंखे प्रत्येकी ७५ वॅटचे, दोन चालवले तर आणखी ३००. बेरीज ६४०, जमतं. चारही चालवले तर ९४०, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात अडचण. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे का तेवढं बघून घ्या. स्क्वेअर वेव्हचा असेल तर स्पीकरमधून बारीक घूं असा आवाज येतो आणि या संगीतात तो झाकला जात नाही. लॅपटॉपच्या चार्जरमुळेही तसाच आवाज येतो. चार्जर काढून बघा, गेला तर लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून वर्गात बॅटरीवरच चालवा.

स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे, एकमेकांपासून आठ-नऊ फूट, तोंडं थोडी आत वळवलेली, कानाच्या उंचीवर. खोलीच्या लांब बाजूनं आवाज गेला पाहिजे, आडवा नको. वायर लावताना डावं-उजवं तपासा. मंडपवाले बऱ्याचदा दोन्ही स्पीकरला एकच बाजू देतात. मुक्त स्पंदनाच्या संगीतात कोण कुठून बोलतं हेच समजायचं असतं, ते एका बाजूत कोंबलं तर खरंच गोंधळ वाटेल. ब्लूटूथ वापरू नका, मधेच तुटतं. फाइल आधी उतरवून घ्या, एमपी३ असेल तर ३२० केबीपीएसची, फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारी फाइल) मिळाली तर उत्तम.

पायपेटी_वडसा

मंडळी, फार उपयोगाचं सांगितलं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा आहे. आता दोन गोष्टी. आमचे लोक म्हणून राहिले की नुसतं ऐकण्यापेक्षा शेवटी आपणही दहा मिनिटं असं वाजवून बघू. आठ जण तयार आहेत: एक पायपेटी, एक हार्मोनियम, दोन बासऱ्या, एक व्हायोलिन, एक क्लॅरिनेट, एक घंटा आणि टाळ, एक ढोलकी. नियम काय ठेवायचे? आणि दुसरं, सिबेलिउसची सातवी आधी की सेगेरस्टाम यांची आधी?

यवतमाळचा_चेलो

वाजवणारच असाल तर पाच स्वरांवर करा, पण ओळखीच्या रागाचे नकोत. भूपाचे दिले तर दोन मिनिटांत कोणीतरी भूप गाऊ लागेल आणि बाकीचे साथ करतील, संपलं सगळं. सा, कोमल रे, तीव्र म, प, कोमल नी असे घ्या. यातून ओळखीची चाल पटकन निघत नाही.

सा पांढरी एक, म्हणजे इंग्रजी सी. क्लॅरिनेटवाल्याला आधीच सांगून ठेवा की त्याचं वाद्य बी फ्लॅटचं असेल तर त्याचा सी पेटीच्या काळी पाचला बोलतो. म्हणून त्यानं एक स्वर वर धरायचा: बोटं डी, ई फ्लॅट, जी शार्प, ए आणि सी ची. हे कागदावर लिहून द्या. बासऱ्या कोणत्या पट्टीच्या आहेत ते बघा. सी ची बासरी नसेल तर त्या बासरीवर यातले जुळणारे दोन-तीन स्वरच द्या, तेवढे पुरतात. पेटी आणि पायपेटी एकमेकींशी सुरात आहेत का हे आदल्या दिवशी तपासा, कारण त्या नंतर जुळवता येत नाहीत. किंचित फरक असेल तर दोघींना एकच स्वर एकदम देऊ नका.

भाग चार. पहिल्यात फक्त सा आणि प, अगदी हळू. दुसऱ्यात कोमल रे येतो. तिसऱ्यात पाचही स्वर आणि आवाज वाढत जातो. चौथ्यात परत सा आणि प. एका भागातून दुसऱ्यात जायची खूण घंटेचा एक ठोका, आणि तो कधी द्यायचा हे घंटेवाला ठरवेल, घड्याळ बघून नाही. सध्याच्या स्वरांत नवीन काही निघेनासं झालं की द्यायचा. साधारण दीड-दोन मिनिटांत ती वेळ येते. घंटा ऐकली की हातातला स्वर पूर्ण करायचा, एक श्वास थांबायचं, मग पुढे. फुंकीच्या वाद्यांना एक स्वर म्हणजे एक श्वास, व्हायोलिनला गजाची एक ओढ, हार्मोनियमला भात्याचा एक दाब. पायपेटीला हवा पायानं सलग मिळते म्हणून तिथला वादक थांबायचं विसरतो. त्यानं शेजारच्या बासरीचा श्वास संपला की स्वर सोडायचा.

ढोलकीवाल्यानं ठेका धरायचा नाही. सुटी थाप, आणि दोन थापांमधलं अंतर दर वेळी वेगळं. सगळ्यात अवघड काम त्याचंच आहे, म्हणून सगळ्यात अनुभवी माणूस तिथे बसवा.

आवाजाचा नियम एकच: दोन जागा सोडून बसलेला मला ऐकू येत नसेल तर माझा आवाज जास्त आहे. अर्धगोलात बसा, पेटी आणि पायपेटी दोन टोकांना, घंटा मध्ये. माइक लावू नका. शेवटची खूण टाळांची, एकदाच. टाळ वाजले की प्रत्येकानं आपला स्वर संपवायचा आणि पुन्हा सुरू करायचा नाही. सगळे वेगवेगळ्या क्षणी थांबतील, तसंच पाहिजे. आधी एकदा फक्त घंटा आणि टाळ वाजवून सगळ्यांच्या लक्षात खुणा बसवा.

अजून एक. यात कोणी इशारे करायला उभं राहू नका, भाऊ तुम्हीसुद्धा. एक माणूस उभा राहिला की सगळ्यांचे डोळे तिकडे लागतात आणि कान मिटतात.

सूरकाठी

क्रमाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सातवी आधी. सिबेलिउसनी ती २४ मार्च १९२४ रोजी स्टॉकहोमला स्वतःच्या संचालनाखाली पहिल्यांदा वाजवली, तेव्हा तिचं नाव ‘सिंफनिक फँटसी’ असं होतं. एकच भाग, साधारण २२ मिनिटं. ऐकताना ट्रॉम्बोन मोजायला सांगा. तीच मोठी धून तीन वेळा येते, आणि प्रत्येक वेळी तिच्याभोवतीचं हवामान वेगळं असतं. शेवटी तंतुवाद्यं शुद्ध नी वरून सा वर चढतात आणि संपतं. आपल्याकडे पेटीवाला रोज करतो तोच प्रवास, पण त्याच्या आधी वीस मिनिटं तो सा राखून ठेवलेला असतो. हेलसिंकीच्या रेकॉर्डिंगमध्ये सेगेरस्टाम शेवटचा नी घाईनं सोडत नाहीत. तो ऐकवल्यावर मगच त्यांची स्वतःची सिंफनी लावा.

ब्राह्म्सची तुलना सुचवली आहे ती चांगली, पण दोन तासांत दोन्ही बसणार नाहीत. ब्राह्म्सची पहिली एकटीच पाऊण तासाची. तिचा फक्त शेवटचा भाग घ्या, त्यातली हॉर्नची हाक सुरू होते तिथपासून. साधारण असा वेळ धरा: पंधरा मिनिटं चरित्र, २२ सातवी, दहा मिनिटं बोलणं आणि पंखे, ब्राह्म्सचा तुकडा पंधरा, २८८ वीची पहिली तीन मिनिटं आणि मग पूर्ण सिंफनी मिळून पंचवीस, उरलेला वेळ तुमच्या आठ जणांचा. चरित्र पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका.

पोरांसाठी वेळ उरला तर पुढच्या महिन्यात एइनोयुहानी राउताव्हारा घ्या. त्यांची सातवी सिंफनी ‘एंजल ऑफ लाइट’ सेगेरस्टाम आणि हेलसिंकी फिलहार्मोनिकनं ओंडीनसाठी रेकॉर्ड केली आणि त्या तबकडीनं राउताव्हारांचं नाव फिनलंडबाहेर सामान्य श्रोत्यांपर्यंत नेलं. त्यांचंच १९७२ चं ‘कांटुस आर्क्टिकुस’ही आहे, त्यात वाद्यवृंदासोबत उत्तर फिनलंडमधल्या पक्ष्यांचे टेपवर घेतलेले खरे आवाज वाजतात. शेवटच्या भागात हंस स्थलांतर करतात. पक्ष्यांच्या तलावाजवळची, नवेगावबांधच्या बाजूची पोरं असतील तर आधी नाव न सांगता ऐकवा.

धानपट्टा_साउंड

हक्कांचं विचारलं नाहीत तरी सांगून ठेवतो, कारण जाहीर कार्यक्रम म्हटलं की कोणीतरी विचारतं. आपल्याकडे रचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सिबेलिउस १९५७ मध्ये गेले, त्यामुळे १ जानेवारी २०१८ पासून त्यांच्या रचना इथे मोकळ्या आहेत. पण नवीन रेकॉर्डिंगवर रेकॉर्डिंगचा वेगळा हक्क असतो, तोही ६० वर्षं. सेगेरस्टाम यांचं सगळंच अजून हक्कात आहे. नफ्यासाठी नसलेल्या मंडळानं आपल्या उपक्रमाचा भाग म्हणून रेकॉर्डिंग ऐकवलं तर कायद्यात सवलत आहे, म्हणून तिकीट लावू नका, आणि कार्यक्रमाचा व्हिडिओ संगीतासकट नेटवर टाकू नका. तबकडी किंवा फाइल विकत घेतलेली असू द्या.

तुमच्या आठ जणांनी वाजवलेलं मात्र खुशाल रेकॉर्ड करा. मोबाइल अर्धगोलाच्या मध्यापासून सहा फुटांवर, चार फूट उंच, फ्लाइट मोडवर. रेकॉर्डिंग ॲपमधली आवाज आपोआप वाढवण्याची सोय बंद करा, नाहीतर घंटेनंतरच्या शांततेत बाहेरचा मळणीयंत्राचा आवाज वर येईल.

पायपेटी_वडसा

मळणी सध्या जोरात आहे, म्हणून वर्ग साडेसहाला सुरू करतो, तोवर यंत्रं थांबलेली असतात. ढोलकी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या वादकाकडे दिली. क्लॅरिनेटवाल्यासाठी बोटांचा कागद आज लिहून काढतो. चेलोभाऊ, एक शंका राहिली: आमची एक बासरी ई ची आहे. तिच्यावर पाचपैकी कोणते स्वर द्यावे?

यवतमाळचा_चेलो

ई च्या बासरीवर तुमचा सा म्हणजे कोमल ध, प म्हणजे कोमल ग, कोमल रे म्हणजे शुद्ध ध, तीव्र म म्हणजे शुद्ध रे आणि कोमल नी म्हणजे तीव्र म. सा आणि प या दोन्हींना अर्धं छिद्र लागतं, हळू फुंकताना ते डगमगतात. शुद्ध रे आणि शुद्ध ध पूर्ण बोटांनी निघतात. म्हणून तिला तुमचे तीव्र म आणि कोमल रे एवढेच द्या. पहिल्या भागात तिनं गप्प बसायचं, दुसऱ्यात कोमल रे घेऊन यायचं.

चौथ्या भागातही ती गप्पच राहील, तेव्हा तिथले टाळ त्या वादकाच्याच हाती द्या. घंटेवाल्याकडे एकच काम राहील.